आधी पाऊस, मग ओटा : कोकणातलं स्वयंपाकघर नव्याने करताना

श्रावणातली सकाळ होती. घावण्यांचं पीठ भिजवून ठेवलेलं, पाहुणे ओटीवर बसलेले, आणि ओट्याखालचा खण काही केल्या उघडेना. जोर लावला तशी दांडीच हातात आली. वाकून बघितलं तर खणाची फळी फुगून दोन्ही बाजूंना घट्ट बसली होती. कडेची पट्टी सुटली होती आणि आतला भुसा बोटांना ओल्या रव्यासारखा लागत होता. ते स्वयंपाकघर करून जेमतेम दोन पावसाळे झाले होते. शहरातल्या दुकानात रंगीत चित्रं बघून ठरवलेलं, आणि दुकानदाराने 'वॉटरप्रूफ आहे' म्हणून सांगितलेलं.

ते सगळं काढून पुन्हा केलं. त्यानंतर देवगडपासून गुहागरपर्यंत नात्यातल्या चार-पाच घरांची स्वयंपाकघरं होताना जवळून बघितली, काहींच्या कामावर उभी राहिले. म्हणून हे लिहिते आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि बाकीचे आठ महिने खारा वारा असतो. या दोघांना विचारल्याशिवाय इथे रंग, टाइल्स, कपाटं यांतलं काहीच ठरवू नये. पहिल्यांदाच काम काढणाऱ्यांनी पुढच्या क्रमाने जावं.

पहिली पायरी : एक पावसाळा नुसतं बघायचं

घाई असेल तरी हे टाळू नका. जुलैच्या मुसळधार पावसात स्वयंपाकघरात उभं राहून चार गोष्टी वहीत लिहा. ओल कुठून येते: जमिनीतून वर चढते, भिंतीतून झिरपते की कौलातून गळते? झड कुठल्या खिडकीतून आत येते? पाऊस नैऋत्येकडून येतो, त्यामुळे दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंती सर्वांत जास्त भिजतात. पागोळ्यांचं पाणी कुठे पडतं, आणि ते उडून भिंतीच्या पायाला लागतं का? दुपारी बारा वाजताही दिवा लावावा लागतो का?

जांभ्याच्या चिऱ्याची भिंत पाणी पिते. त्यावर आतून कितीही महागडा रंग किंवा टाइल्स लावल्या तरी बाहेरून पाणी येतच राहिलं, तर दोन वर्षांत पोपडे धरतात. इलाज बाहेरूनच करायचा. छपराची पाखं फूटभर पुढे काढायची, पन्हळ लावायची, भिंतीच्या पायाशी उताराची फरशी करायची. जुन्या लोकांची पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांची झापं बांधायची पद्धत याच कारणाने होती. आज झापांऐवजी पत्र्याची किंवा पॉलिकार्बोनेटची पडवी काढतात. तीही चालते, फक्त तिचे हुक आणि नट-बोल्ट गंजणारे घेऊ नका, आणि वाऱ्याने उचलली जाणार नाही अशी बांधून घ्या. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागात किती घरांचे पत्रे उडाले ते आपण पाहिलंच आहे.

घर नदीकाठी असेल तर आणखी एक रेघ मारून ठेवा: पुराचं पाणी कुठवर आलं होतं ती. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी घराघरांत शिरलं, आणि ज्यांच्या ओट्याखाली प्लायची कपाटं होती त्यांना ती टाकूनच द्यावी लागली. अशा ठिकाणी ओट्याखाली लाकडाची किंवा प्लायची वस्तू नकोच, आणि विजेचे बोर्ड त्या रेघेच्या वर.

दुसरी पायरी : महिने ठरवणं

दिवाळी झाली की काम काढा आणि मेच्या मध्यापर्यंत पूर्ण करा. प्लास्टर आणि कोब्याला निदान सात-आठ दिवस पाणी मारावं लागतं, आणि रंगाआधी भिंत पूर्ण वाळावी लागते. हे सगळं कोरड्या दिवसांतच होतं. पावसाळ्यात चिरेखाणी बंद असतात, रेती मिळत नाही. एप्रिल-मे मध्ये सुतार आणि गवंडी आंबे-काजूच्या कामात किंवा चाकरमान्यांच्या घरांच्या दुरुस्तीत अडकलेले असतात, म्हणून त्यांच्याशी दसऱ्यालाच बोलून ठेवा. 'गणपतीपर्यंत करून देतो' असं कोणी म्हणालं तर तो पुढचा गणपती धरावा.

रेतीचं एक सांगून ठेवते. समुद्राची रेती बांधकामाला कधीही घेऊ नका, आणि खाडीची रेती गोड्या पाण्यात धुतल्याशिवाय वापरू देऊ नका. तिच्यातल्या मिठाने स्लॅबमधली सळई गंजते आणि प्लास्टरला पांढरे फुलोरे येतात. गाडी खाली होताना चिमूटभर रेती जिभेला लावून बघा. खारट लागली तर परत पाठवा.

तिसरी पायरी : आपण खरंच काय रांधतो, त्याची यादी

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच पायरी. नवीन काळा ग्रॅनाइटचा ओटा बसला त्या दिवशी सासूबाई दारात उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "गो, मासे खंय साफ करतलंस? ह्या ओट्यार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. नारळ कुठे फोडायचा, पाण्याची कळशी कुठे ठेवायची, यातलं काहीच चित्रात नव्हतं.

कोकणातलं निम्मं स्वयंपाकघर मागीलदारी असतं. बांगडे साफ करणं, शहाळी सोलणं, फणस कापणं, गणपतीतले मोठे टोप घासणं, आमसुलं वाळत घालणं ही कामं घरातल्या छोट्या सिंकमध्ये होत नाहीत आणि होऊही नयेत. म्हणून मागच्या दाराबाहेर, छपराखाली, एक बसकी मोरी आणि एक उभ्याचा कट्टा हे नूतनीकरणाच्या पहिल्या यादीत घ्या. कट्ट्यावर कडाप्पा किंवा ग्रॅनाइटचा तुकडा, वर नळ, खाली जाळी. त्याच्या शेजारी चूल ठेवायची तर ठेवा. वीज नसताना आणि गॅस संपल्यावर तीच उपयोगी पडते, आणि वालाचं बिरडं तिच्यावर मुरतं तसं शेगडीवर मुरत नाही.

सासूबाई आजही आडाळीवर, म्हणजे खवणी असलेल्या विळीवर, बसूनच नारळ खवतात. एक पाय दुमडलेला, दुसरा पाटावर, आणि करवंटी फिरते तशी खाली परातीत पांढरी रास पडत जाते. त्यासाठी भिंतीलगत अडीच फूट रुंद मोकळी जमीन लागते, आणि त्या जागेवर वरून उजेड लागतो. आम्ही दुसऱ्या वेळी एका कोपऱ्यात कपाट केलंच नाही. तिथे आडाळी, पाटा-वरवंटा, आणि वर काचेचं कौल. ज्यांना खाली बसणं जमत नाही त्यांनी ओट्याला पकडणारी खवणी बसवावी. मात्र त्यासाठी ओट्याची कड बाहेर एक-दीड इंच मोकळी हवी, हे गवंड्याला आधी सांगावं लागतं.

मग बेगमी. जूनच्या आत घरात तांदूळ, कुळीथ, सुकी मासळी, मसाल्याच्या बरण्या, सोलं, आगळ (कोकमाचा आंबट रस), पापड, कांदे हे सगळं येतं. त्याचं माप घ्या: किती डबे, त्यांची उंची किती, बरण्या किती. सुक्या मासळीला घट्ट झाकणाचे डबे आणि इतर सामानापासून लांबची जागा. कांदे-बटाटे आणि नारळ यांना बंद कपाट नको, हवा खेळती हवी. वेताची किंवा स्टीलच्या तारेची टोपली सर्वांत चांगली.

चौथी पायरी : जमिनीवर खडूने आखणी

कागदावरच्या नकाशावर विसंबू नका. मोकळ्या खोलीत खडूने ओटा, सिंक, शेगडी, फ्रिज आखा आणि खोटाखोटा चहा करून बघा. मग आमटी, मग दहा माणसांचं जेवण. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९४० च्या दशकात स्वयंपाकघरांचा अभ्यास झाला. शेगडी, सिंक आणि फ्रिज यांच्यातल्या त्रिकोणाच्या तीन बाजूंची बेरीज १३ ते २६ फूट असावी, हा आराखडा त्यातून पुढे आला. तो आजही उपयोगी आहे. आपल्याकडे मात्र चौथा कोन धरायचा, मागच्या दाराचा. सिंकपासून मागीलदारापर्यंतची वाट सरळ आणि मोकळी हवी, कारण दिवसातून वीस वेळा ओल्या हातांनी तिथे जावं लागतं.

ओट्याची उंची बाजारात ठरलेली नसते, ती रांधणाऱ्या माणसावर ठरते. चप्पल न घालता उभं राहा, कोपर काटकोनात वाकवा, आणि कोपरापासून चार-पाच इंच खाली खूण करा. पाच फुटांच्या बाईला ती साधारण ३२ इंचांवर येते, साडेपाच फुटांच्या माणसाला ३५-३६ वर. शेगडी स्वतःच तीन-चार इंच उंच असते, त्यामुळे तिच्यापुरता ओटा दोन-तीन इंच खाली घेतला तर खांदे दुखत नाहीत. ओट्याची पुढून मागे रुंदी २४ इंच पुरते. दोघी समोरासमोर काम करणार असतील तर मधली वाट चार फूट ठेवा.

भिंत पाडून 'ओपन किचन' करायची हौस असेल तर आधी अभियंत्याला दाखवा. जुन्या घरात चिऱ्याच्या भिंतींवरच छपराचं ओझं असतं.

पाचवी पायरी : पाणी येणं आणि पाणी जाणं

पाइप आताच बदला. टाइल्स लागल्यावर बदलता येत नाहीत. जुने लोखंडी पाइप आतून गंजलेले असतात. त्यांच्या जागी प्लास्टिकचे घ्या: गार पाण्याला यूपीव्हीसी, गरम पाण्याला सीपीव्हीसी. प्रत्येक नळाआधी एक बंद करायची कळ ठेवा, आणि सिंकखाली हात जाईल एवढी जागा.

सांडपाण्याचा उतार चार फुटांना एक इंच. भिंतीतून बाहेर पडल्या पडल्या झाकणाची चेंबर, आणि तिच्यात काढून धुता येईल अशी जाळी. माशांची खवलं, खोबऱ्याचा चोथा आणि थंड झालेलं तेल यांनीच नळी तुंबते. पुढे ते पाणी केळीच्या किंवा अळूच्या वाफ्याला सोडायची आपली जुनी रीत उत्तम आहे, फक्त वाफा विहिरीपासून लांब हवा.

सिंक २४ बाय १८ इंच, नऊ-दहा इंच खोल. याहून लहान घेतलं तर टोप आडवा होत नाही.

सहावी पायरी : वीज आणि गॅस

इथे पैसे वाचवू नका. स्वयंपाकघराला वेगळं सर्किट, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट कुठे गळला तर वीज लगेच तोडणारी कळ), आणि अर्थिंग तपासून घेतलेलं. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते आणि अर्थिंग कमकुवत होतं, म्हणून मे महिन्यात खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं. फ्रिज, ओव्हन, इंडक्शन यांना १६ अँपिअरचे वेगवेगळे पॉइंट. भिंतीतले बॉक्स लोखंडी घेऊ नका, खाऱ्या हवेत गंजतात. पीव्हीसीचे घ्या, स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस. बोर्ड सिंकच्या वर नको आणि झड येणाऱ्या खिडकीशेजारीही नको. वळवाच्या विजांसाठी मुख्य बोर्डात सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारं यंत्र) बसवून घ्या.

गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. सिलिंडर कपाटात ठेवायचा असेल तर दाराला खालच्या बाजूला भोकं किंवा जाळी हवीच. सिलिंडर उभाच, शेगडी त्याच्यापेक्षा वर, नळी भिंतीत न गाडता डोळ्यांसमोर राहील अशी, आणि पाच वर्षांनी बदललेली. सिलिंडरच्या बुडाचा गंज फरशीवर गोल उमटतो आणि निघत नाही. त्याच्याखाली चाकांची प्लास्टिकची चौकट ठेवा.

सातवी पायरी : कपाटं कशाची

फसगत इथेच होते. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ या लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांना आपल्याकडे ओट्याखाली जागा नाही, मग वरचा सनमायका कितीही सुंदर असो. प्लायच घ्यायचा तर आयएस ७१० छाप असलेला मरीन प्लाय घ्या आणि बिलावर तो आकडा लिहून घ्या. नुसतं 'वॉटरप्रूफ' या शब्दाला अर्थ नाही. कापलेली प्रत्येक कड, सिंकच्या नळीसाठी पाडलेलं प्रत्येक भोक बंद झालेलं हवं. पाणी तिथूनच शिरतं.

मी दुसऱ्या वेळी प्लाय घेतलाच नाही. ओट्याखाली विटांच्या उभ्या भिंती, आत कडाप्प्याच्या आडव्या फळ्या आणि पुढे ॲल्युमिनियमच्या चौकटीची दारं. खालची सहा इंच जागा मोकळी, म्हणजे हवा खेळते आणि झाडता येतं. त्याला वाळवी लागत नाही, ते फुगत नाही, आणि पुराचं पाणी आलं तरी धुऊन पुन्हा वापरता येतं. दिसायला जड वाटेल म्हणून मला भीती होती. एका दारात पातळ वेताची जाळी बसवली आणि तो जडपणा गेला.

बिजागऱ्या, खणांच्या पट्ट्या, स्क्रू स्टेनलेस ३०४ चे घ्या. स्वस्तातलं २०२ त्याच्यासारखंच दिसतं आणि चुंबकाने दोघांतला फरक कळत नाही, म्हणून बिलावर ग्रेड मागा. समुद्र हाकेच्या अंतरावर असेल तर ३०४ वरही तपकिरी डाग येतात. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून कोरडं करायचं. खिडकीच्या डासजाळीलाही हेच लागू.

वरची कपाटं भिंतीत ठोकताना जपून. जुन्या भिंतीत चिऱ्यांच्या दरजा मातीच्या असतात आणि चिराही सच्छिद्र, त्यामुळे प्लग नुसता गोल फिरतो. भरलेल्या डब्यांचं वजन त्यावर टाकू नका. एकतर जमिनीपासून उभं कपाट करा, नाहीतर जाड फळी भिंतीच्या आरपार बोल्टने धरून तिच्यावर मांडणी लावा. आमच्या माळ्यावर जुन्या दाराच्या फणसाच्या फळ्या पडल्या होत्या. सुताराने रंधा मारला तसा आतून हळदीसारखा पिवळा रंग निघाला. त्यांची उघडी मांडणी केली आणि तिच्यावर पितळेचे डबे आणि चिनी मातीच्या बरण्या ठेवल्या. घरी येणारा प्रत्येक जण आधी तिकडेच बघतो.

आठवी पायरी : ओट्याचा दगड, जमीन, भिंत

ओट्याला ग्रॅनाइट. संगमरवर, कडाप्पा, कोटा या दगडांना आंबट चालत नाही. आगळ, चिंच, लिंबू सांडलं की चकाकी जाऊन खुणा पडतात, आणि आपला स्वयंपाक तर आंबटावरच चालतो. कडाप्पा आतल्या फळ्यांसाठी ठेवा.

जमिनीला चकचकीत टाइल्स नकोत. पावसाळ्यात लादीला घाम सुटतो आणि त्यावर तेलाचा थेंब पडला की पाय सरकतोच. मॅट फिनिशच्या घ्या. ओट्यामागच्या भिंतीला मोठ्या टाइल्स घेतल्या तर सांधे कमी येतात, आणि सांध्यांत सिमेंटऐवजी इपॉक्सी (पाणी न शोषणारं रसायन) भरून घेतलं तर ते काळे पडत नाहीत. टाइल्स ओट्यापासून वर दोन फूट, शेगडीमागे छतापर्यंत. बाकी भिंतींना श्वास घेऊ द्या. चिऱ्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच रंग सर्वांत चांगला साथ देतो. पांढऱ्यात थोडी पिवडी मिसळली तर अंधाऱ्या दिवसांतही खोली उजळ वाटते.

नववी पायरी : छप्पर आणि धूर

कौलांखाली पीओपीचं छत लावू नका, एवढं ऐका. चुलीचा धूर होता तोवर वासे आणि रिपा कोरड्या राहत, कीड लांब राहत असे. आता धूर गेला, आणि खाली छत लावून वाराही अडवला तर वरचं लाकूड अंधारात कुजतं आणि आपल्याला दिसतही नाही. शिवाय त्या पोकळीत उंदीर आणि कांडेचोर (उदमांजरं) घर करतात. कौलं उघडीच ठेवा, फुटकी बदला, वाशांना काजूच्या टरफलांच्या तेलाचा हात द्या (त्याने कातडी भाजते, म्हणून हातमोजे घालून, आणि खाण्याच्या वस्तूंजवळच्या लाकडाला अजिबात नाही). चार-पाच काचेची कौलं घातलीत तर दिवसा दिवा लागत नाही.

चिमणी बसवलीत तर शेगडीपासून २६ ते ३० इंचांवर. तिचा पाइप दक्षिण-पश्चिमेला बाहेर काढू नका, नाहीतर पावसाचं पाणी थेट कढईत.

दहावी पायरी : माणसं आणि क्रम

गवंडी, प्लंबर, वायरमन आणि सुतार या चौघांना एकाच दिवशी, एकाच वेळी, खडूच्या आखणीवर उभं करा. निम्म्या चुका तिथेच कळतात. क्रम असा: छप्पर आणि बाहेरची ओल, तोडफोड, पाइप आणि वायर, प्लास्टर, जमीन, ओटा, टाइल्स, रंग, सर्वांत शेवटी दारं आणि खण. पैसे कामाच्या टप्प्याने द्या आणि शेवटचा हप्ता पहिला पाऊस पडून जाईपर्यंत हातात ठेवा, हे बोली करतानाच सांगा. प्रामाणिक कारागिराला त्यात गैर वाटत नाही. भिंत बुजवण्याआधी पाइप आणि वायरांचे फोटो टेप धरून काढून ठेवा.

जूनचा पहिला मोठा पाऊस रात्रीचा आला तर झोपून राहू नका. टॉर्च घ्या, सगळी कपाटं उघडा, मागच्या कोपऱ्यांना कोरडा तळहात लावून बघा. खिडकीच्या खालच्या कडेला, चिमणीच्या भोकाभोवती, सिंकखाली. जिथे हात ओला लागेल तिथे खडूने खूण करा आणि सकाळी गवंड्याला फोन लावा.